एका माणसाची एकच खोट

१

सुट्टीच्या दिवशी दुपारचं जेवण झालं, की मुद्रितशोधक खालच्या खोलीत जाऊन संगणक लावी आणि चार वाजेपर्यंत राज्य करी. राज्य म्हणजे अर्थात पडद्यावरचं. घरात त्याचं राज्य कधी नव्हतंच. तिथे बायकोचं शिवणयंत्र चाले आणि सोळा वर्षांच्या मुलीची जीभ.

चारला वरून काठी आपटायची. ठक, ठक, ठक. तीन ठोके म्हणजे वरच्या खोलीतल्या अण्णांना चहा हवा. अण्णा म्हणजे त्याचे वडील. उभा जन्म लोकांची घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला, त्यामुळे चार म्हणजे चारच. गुडघे गेल्यापासून ते खाली उतरत नसत, आणि चहा पोराच्याच हातून लागायचा. सून घेऊन गेली तर कप तसाच गार व्हायचा. नेमकी त्याच वेळी इकडे शत्रूची शिडी तटाला लागलेली असायची. मग तो छताकडे बघून ओरडायचा, "येतो हो!" त्या 'हो'मध्ये जेवढा वैताग मावेल तेवढा तो कोंबायचा.

खेळ फार जुना होता. पूर्वीच्या काळातली राज्यं, कोट, वेढे, धान्याची कोठारं. बनवणाऱ्या कंपनीनं त्याचं नाव टाकलं होतं, पण चाहत्यांनी टाकलं नव्हतं. आपापले पोटापाण्याचे उद्योग सांभाळून ही मंडळी त्यात नवी भर घालत बसायची. कोणी अख्खं शहर उभं करी, कोणी शिरस्त्राणाचा खरा आकार पुस्तकं धुंडाळून शोधी, एकानं तर वर्षभर खपून फक्त घोड्यांच्या टापांचे आवाज बदलले होते. या भरीला मॉड म्हणतात. सगळं फुकट. लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते याहून वेगळं काय असणार?

त्या भाकऱ्यांची चव घेऊन चार शब्द लिहायचं काम मुद्रितशोधकानं आपणहून अंगावर घेतलं होतं. चाहत्यांच्या फोरमवर त्याची रसग्रहणं लोक वाट बघून वाचत. त्याची पद्धत ठरलेली होती. नऊ गुण सांगायचे, मनापासून सांगायचे, आणि शेवटी एक खोट. छापखान्यात पंचवीस वर्षं चुका शोधल्यावर खोट न काढता उठणं त्याला जमायचंच नाही. फोरमवर त्याला 'खोडरबर' म्हणत, ते त्याला मुळीच पटत नसे.

"खोडायचं काम ऑपरेटरचं," तो म्हणे. "मी फक्त खूण करतो."

२

'वेढ्यातलं गाव' हा मॉड आला तेव्हा तो करणाऱ्याचं नाव कोणी ऐकलेलं नव्हतं. नाव होतं गवंडी. मुद्रितशोधकानं तो उघडला आणि पहिल्या पाच मिनिटांत खुर्ची पुढे ओढून घेतली.

इतर लोक तट बांधतात, बुरूज बांधतात. घरं म्हणजे नुसते ठोकळे, दारंसुद्धा रंगवलेली. या पठ्ठ्यानं घरं आतून बांधली होती. दार ढकलावं तर आत चूल, चुलीवरच्या भिंतीला काजळी. उंबरा मधोमध झिजलेला. बाहेरून दगड पडायला लागले की बाया वाळत घातलेले कपडे आत ओढून घेत, आणि एखादी घाईत एक कपडा विसरून जाई. प्रत्येक घराची यादी होती, कोण राहतं, काय काम करतं, घरात धान्य किती. चाळीस दिवस गाव लढवायचं, एवढाच खेळ. पण चाळीस दिवस त्या माणसांत काढायचे. त्याला खरोखर भरून आलं. कोणी अनोळखी माणूस इतक्या मायेनं एखादा उंबरा झिजवतो, याचं त्याला फार अप्रूप वाटलं.

नऊ गुण तर नव्वद ठिकाणी सापडले. खोट काही सापडेना. गाव मात्र दरवेळी छत्तिसाव्या, सदतिसाव्या दिवशी पडायचं, आणि पडायचं ते भुकेनं. म्हणून तो एकेक घर तपासत निघाला.

तिसऱ्या गल्लीतल्या शेवटच्या घराला लाकडी जिना होता. चौथी पायरी करकरायची. त्याला हसू आलं. त्याच्याही घरात चौथीच करकरायची. सगळेच लाकडी जिने कुठे ना कुठे करकरतात, त्यात काय एवढं. घरात माणसं चार आणि धान्य तिघांपुरतं. खाली एक बाई काहीतरी शिवत होती. वरच्या खोलीत एक म्हातारा खाटेवर बसला होता, हातात काठी.

म्हाताऱ्यानं काठी उचलली. ठक, ठक, ठक.

आवाज स्पीकरमधून आला की छतातून, ते त्याला कळलं नाही. घड्याळात चार वाजले होते. त्यानं सवयीनं वर बघून "येतो हो!" म्हटलं, चहा देऊन आला, आणि परत येऊन बसला तेव्हा लढाईचा सगळा विचका झालेला होता. डोक्यात तिडीक गेली. त्याच तिडिकेत त्यानं लिहून टाकलं:

'खोट एकच. तिसऱ्या गल्लीतल्या शेवटच्या घरात, वरच्या खोलीत एक म्हातारा आहे. तो तटावर जात नाही, पाणी आणत नाही, दळत नाही. बसल्या जागी जमीन ठोकतो. नुसतं खाणारं तोंड. तो नसता तर घर तगलं असतं आणि घर तगलं असतं तर गाव.'

लिहिताना तो हसत होता. वाक्य जमून आलं की तो नेहमीच हसायचा.

उत्तर तासाभरात आलं. 'आभारी आहे. एका माणसाची एकच खोट घेतो. तुमची घेतली.'

३

पुढच्या सुट्टीला मॉडची दुसरी आवृत्ती आपोआप उतरली. वर ओळ होती: 'खोट दूर केली. खूण करणारे: खोडरबर.' आपलं नाव असं वर झळकलेलं पाहून स्वारी खूश झाली. त्यानं वेढा सुरू केला. तिसाव्या दिवशी धान्य होतं. पस्तिसाव्या दिवशीही होतं. चाळिसाव्या दिवशी शत्रूनं तंबू गुंडाळले आणि गावातली माणसं तटावर येऊन उभी राहिली. त्यानं एकट्यानंच टाळ्या वाजवल्या.

"अहो, उठा आता," बाहेरून बायको म्हणाली. "पाच वाजून गेले."

तो उठला आणि दारातच थबकला. पाच?

"अण्णांना चहा कोणी दिला?"

यंत्र थांबलं. "कोणाला?"

"अण्णांना. आज ठोकलं कसं नाही?"

बायकोनं ओठांत धरलेली टाचणी काढली. "अण्णा कोण?"

तो हसला. मायलेकींची काहीतरी चेष्टा चालली असणार. मग तो जिना चढला. चौथी पायरी करकरली. वरच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं.

आत गाद्या होत्या. एकावर एक रचलेल्या, वर जुनी चादर टाकलेली. एक मोडकी खुर्ची, दोन पेट्या. खाट नव्हती. खिडकीत ओळीनं लावलेली घड्याळं नव्हती, आणि त्यांची टिकटिक नव्हती. त्यानं चादरीवरून बोट फिरवलं. बोटाला धूळ लागली, चांगली जाड. धूळ काही तासाभरात बसत नाही.

"वर तर आपण पहिल्यापासून गाद्याच ठेवतो," बायको त्याच्या मागे येऊन म्हणाली. तिनं त्याच्या कपाळाला हात लावला. "ताप तर नाही."

"मग ही दोरी कशाला?" जिन्याच्या कडेला धरायला बांधलेल्या दोरीकडे त्यानं बोट दाखवलं. अण्णांचे गुडघे दुखायला लागले तेव्हा त्यानंच बांधली होती.

"गाद्या उतरवताना तोल जातो म्हणून तुम्हीच नाही का बांधलीत?"

खालून मुलगी ओरडली, "आई, बाबाला सांग, लढाया कमी कर. डोक्यावर परिणाम झालाय!"

४

माणसाचं डोकं मोठं लबाड असतं. दोन दिवसांत ते त्याला समजवायला लागलं. तुझे वडील असतीलही, पण ते केव्हाच गेले असतील. तू कामाच्या ताणानं गोंधळला असशील. छापखान्यात मशीनवरचा माणूस जुना दोस्त होता. अण्णांनी त्याचं मनगटी घड्याळ दोनदा नीट करून दिलं होतं. त्याला आडून विचारलं.

"तुमचे वडील?" तो शाई पुसत म्हणाला. "तुम्ही कधी बोलला नाहीत बुवा त्यांच्याबद्दल." त्याच्या मनगटावर घड्याळ होतं. बंद पडलेलं.

घरी येऊन मुद्रितशोधकानं लग्नाचा फोटो भिंतीवरून काढला आणि कामावर पानं तपासतो तसा तपासला. ओळीतला एखादा शब्द काढला, की बाकीचे शब्द सरकून जागा भरून काढतात. वाचणाऱ्याला काही कळत नाही. पण सरावलेल्या डोळ्याला शब्दांमधली सुटलेली जागा दिसते. फोटोत तो आणि बायको उभे होते. त्याच्या उजवीकडे एका माणसापुरती जागा होती, आणि त्याचा उजवा खांदा किंचित दबलेला होता, कोणीतरी हात ठेवल्यासारखा.

मग त्यानं खालच्या खोलीत खुर्चीवर चढून छत पाहिलं. संगणकाच्या बरोबर वर, बशीएवढ्या जागेतला चुना गळून पडला होता. वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी ठोके बसल्यावर गळतो तसा. तो कितीतरी वेळ त्या डागाकडे बघत राहिला, आणि त्याला रडू आलं. शेवटचा चहा देताना आपण अण्णांशी एक अक्षर बोललो नव्हतो, एवढंच त्याला आठवत होतं.

फोरमवर कप्तान नावाचा एक जण होता, निवृत्त बसचालक. गवंड्याच्या मॉडवर त्यानंही लिहिलं होतं. त्याची खोट अशी होती, की दुसऱ्या गल्लीतलं कुत्रं फार भुंकतं. मुद्रितशोधकानं त्याला फोन लावला.

"कप्तान, तुमचा कुत्रा बरा आहे ना?"

"कुत्रा? मी कुठला पाळतोय! मला केसांनी शिंका येतात." कप्तान मोठ्यानं हसला. मग जरा थांबून म्हणाला, "पण एक गंमत सांगू? माझ्या दाराशी एक साखळी अडकवलेली आहे. कशाची, कोण जाणे. काढून टाकीन म्हणतो, पण हात होत नाही. तुम्ही का विचारलंत?"

"काही नाही, सहज," मुद्रितशोधक म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

५

त्यानं गवंड्याला लिहिलं. आधी मोठ्या ऐटीत, मग विनवणी करत. 'माझी खूण चुकली. म्हातारा ही खोट नव्हती. तो त्या घराचा आधार होता. कृपा करून पहिली आवृत्ती परत द्या.'

उत्तर नेहमीसारखंच नम्र आलं.

'तुमची खूण बरोबर होती. घर तगलं, गाव तगलं. म्हाताऱ्याला परत बसवता येईल, त्यात अडचण नाही. पण धान्य तिघांचंच आहे, ते मला वाढवता येत नाही. दुसरं कोणीतरी काढावं लागेल. कोण, ते तुम्ही सांगू शकत नाही. तुमची एक झाली.'

त्यानं घाम पुसला. बाहेर यंत्र खडखडत होतं. मुलगी कोणाशी तरी फोनवर बोलत खिदळत होती. यादीत आता तीन माणसं होती: शिवणारी बाई, एक मुलगी, आणि खालच्या खोलीत बसणारा एक माणूस.

आपल्याला सांगता येत नाही, हे किती बरं झालं, असं त्याच्या मनात आलं, आणि तसं मनात आल्याची त्याला लाज वाटली. सांगता आलं असतं तर आपण स्वतःचं नाव दिलं असतं का? दिलं असतं, असं तो स्वतःला ठासून म्हणाला. ते त्याला धड पटलं नाही.

खेळ पुसून टाकावा, म्हणून त्यानं दोनदा हात नेला. पुसवेना. अण्णा जिथे शेवटचे बसलेले दिसले होते, ती जागा तेवढीच होती. आता तिथेही गाद्या होत्या, पण जागा तीच होती. आठवडाभर संध्याकाळी कामावरून आला, की तो खेळ लावून त्या गाद्यांकडे बघत बसायचा, दाराकडे पाठ करून. बायकोनं दोनदा जेवायला हाक मारली तरी त्याला ऐकू जायचं नाही.

६

सुट्टी आली. सकाळीच कामासाठी बाहेर पडलेला तो चारच्या सुमाराला परतून खालच्या खोलीत गेला तर त्याच्या खुर्चीवर मुलगी बसलेली.

"ऊठ," तो म्हणाला. आवाज नको तितका चढला.

"अरे हो, ओरडतोस काय! तुझ्यासाठीच बसलेय मी." ती उठली नाही. "आठवडाभर तू कोणाशी धड बोलत नाहीस. आई रडत होती काल. म्हटलं, बघू या तरी, बाबाला याच्यात एवढं काय दिसतं. आणि खरं सांगू? मस्त आहे रे! ते कपडे आत ओढतात ना बाया, ते फारच गोड आहे. सकाळपासून खेळतेय."

"कुठपर्यंत खेळलीस?"

"सगळं बघितलं. आणि तुझ्यासारखंच लिहिलं त्यांना. नऊ गुण, मोजून. म्हटलं, बाबा वाचेल तेव्हा खूश होईल."

त्यानं दाराची चौकट धरली. "आणि खोट?"

"काढली की! तुझी पोरगी ना मी." ती हसत खुर्चीसकट त्याच्याकडे वळली. "तिसऱ्या गल्लीत शेवटचं घर आहे बघ. खालच्या खोलीत एक माणूस आहे, दिवसभर दाराकडे पाठ करून बसलेला. गावावर दगड पडतायत आणि हा ढिम्म हलत नाही. बायको हाक मारते तरी उठत नाही. अगदी तू! मी लिहिलं, हा माणूस कशाला ठेवलाय? काही कामाचा नाही."

"पाठवलंस?"

"मघाशीच. त्यांचं उत्तरही आलं लगेच. नवी आवृत्ती उतरतेय बघ."

त्यानं पडद्याकडे पाहिलं. उतरून झाली होती.

"बेटा, इकडे बघ," तो म्हणाला. "माझ्याकडे बघ जरा."

ती बघत होती. हसूही होतं अजून चेहऱ्यावर. पण नजर त्याच्यावरून हळूहळू सरकली आणि त्याच्या मागच्या भिंतीवर जाऊन थांबली. आपण कशाला हसत होतो ते विसरल्यासारखं तिचं हसू मिटलं.

तेवढ्यात वरून काठी आपटली.

ठक, ठक, ठक.

७

त्याला इतका आनंद झाला, की क्षणभर बाकी सगळं तो विसरला. अण्णा! चार वाजले होते, आणि अण्णा होते. छतातून चुन्याची बारीक कणी पडली. ती त्याच्या हातावर पडायला हवी होती, पण ती थेट जमिनीवर गेली.

"आले, आजोबा!" मुलगी ओरडली आणि उठून त्याच्या अंगावरून बाहेर गेली. त्याला धक्का लागला नाही.

स्वयंपाकघरात बायकोनं तीन कप काढले. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला, तिला नावानं हाक मारली, लग्नानंतर पहिल्या वर्षी मारायचा त्या लाडाच्या नावानंही मारली. तिनं गाळणी झटकली. मग तो मुलीच्या मागोमाग जिना चढला. तिच्या पायाखाली चौथी पायरी करकरली. त्याच्या पायाखाली ती गप्प राहिली.

वरची खोली घड्याळांनी टिकटिकत होती. अण्णा खाटेवर बसले होते. तसेच वाळलेले, तसेच ताठ. मुलीनं कप पुढे केला, पण त्यांनी तो घेतला नाही. ते दाराकडे बघत होते.

"आजोबा, चहा."

"तो कुठे आहे?"

"तो कोण?"

अण्णांच्या कपाळावर आठ्या पडल्या. बंद घड्याळ कानाशी धरून ऐकावं तशी त्यांनी मान कलती केली. "चहा घेऊन येतो तो. चिडका."

"चहा मीच आणते की रोज," मुलगी म्हणाली.

"खालच्या खोलीत कोण असतं?"

"कोणी नसतं आजोबा. आई कापडं ठेवते तिथे. पहिल्यापासून."

"आपण चौघं होतो."

"तिघंच आहोत." तिनं प्रेमानं त्यांचा खांदा थोपटला. "घ्या, गार होतोय."

अण्णांनी कप खिडकीत ठेवून दिला. मग त्यांनी दोन्ही हातांनी काठी उचलली आणि खाली पाहत जमिनीवर आपटली, पूर्वीपेक्षा जोरात. ठक, ठक, ठक. आणि कोणीतरी ओरडून उत्तर देईल म्हणून कान देऊन थांबले.

तो त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा होता.

"आलो अण्णा," तो म्हणाला. आवाजात वैताग अजिबात नव्हता. "आलो ना. इथेच आहे मी."

अण्णांनी पुन्हा काठी उचलली.